दीड वितीचं टेबल

मी घर सोडून पुण्याला निघालो तेव्हा माझे वडीलही माझ्यासोबत निघाले. त्यांना यायचं नव्हतं. वर्धा स्टेशनवर मला गाडीत बसवून ते आईला घेऊन एसटीनं हिंगणघाटला परत जाणार होते. पण पुलगाव येईपर्यंत त्यांना गाडीतून उतरता आलं नाही, आणि त्याला कारण झाली त्यांनीच माझ्यासाठी केलेली लोखंडी पेटी.

बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होते. रुईच्या गाठी आवळायला लोखंडी पट्ट्या लागतात. त्यातल्या वाकड्यातिकड्या, तुटक्या पट्ट्या भंगारात निघायच्या आणि मालकाला विचारून बाबा त्या सायकलवर घालून घरी आणायचे. आमच्या घरातलं सगळं सामान त्या पट्ट्यांचं होतं. भांड्यांची मांडणी, खाटा, देवाचा स्टँड, माझं अभ्यासाचं टेबल. बाकीच्यांच्या घरी खाटा करकरायच्या, आमच्याकडे कूस बदलली की घंटा वाजल्यासारखं व्हायचं. त्र्याण्णव साली मला भोसरीच्या एका टूलरूममध्ये नोकरी लागली, तेव्हा बाबांनी साहजिकच पट्ट्या आणि पत्रा घेऊन पेटी करायला घेतली. पेटी बर्थखाली बसली पाहिजे म्हणून ते एका पाहुण्याला सोडायच्या निमित्तानं वर्ध्याला गेले आणि उभ्या गाडीत शिरून बर्थखालची जागा वितीनं मोजून आले. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "टेप घरी इसरून राह्यते, हात काई इसरत नाई," असं ते म्हणायचे.

पेटी अगदी मापात झाली. मग निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "साखळीनं बांधाले एखादी कडी लावा जी. गाडीत चोर लय राह्यतात." बाबांनी झाकणाच्या मधोमध अंगठ्याएवढी जाड, उभी कडी दोन रिबिटं मारून बसवली. आणि पुन्हा मोजलं नाही.

वर्ध्याला गाडी आली. आम्ही पेटी चढवली, बर्थखाली ढकलली. अर्धी आत गेली आणि कडी बर्थला अडकली. बाबांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा बर्थकडे, आणि निकाल दिला, "रेल्वेनं बर्थ खाली आणला." मग ते दोन बर्थच्या मधे, लोकांच्या चपलांमधे उकिडवे बसले. पेटी दोन्ही पावलांत घट्ट धरली, पिशवीतून लोखंड कापायचा हॅक्सॉ काढला आणि मला म्हणाले, "धर." बाबा लग्नालाही पिशवीत हॅक्सॉ घेऊन जात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. मी पेटीचं दुसरं टोक धरलं आणि ते रिबिट कापू लागले.

आई खिडकीचा गज धरून उभी होती. मला सांगायला तिनं बरंच काही मनात जुळवून आणलं असणार, पण त्या कर्रकर्र आवाजात मला फक्त "जेवत जाजो" एवढंच ऐकू आलं. दुसरं रिबिट अर्ध्यावर असताना गाडी हलली. मी म्हणालो, "बाबा, गाडी सुटली." ते म्हणाले, "तू हालू नको."

पुलगावला ते उतरले. हातात हॅक्सॉ, धोतरावर लोखंडाचा कीस. खिडकीशी येऊन उभे राहिले. आता हे काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनाही बहुतेक आपण काहीतरी बोलावं असं वाटत होतं, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला. मग त्यांनी मुठीतली कापलेली कडी माझ्या हातात दिली. "ठेव. कामी येते," म्हणाले. कडी अजून कोमट होती. त्यानंतर ते स्वतःहून तिकीट तपासनिसाला शोधायला गेले, कारण आपण विनातिकीट आलो हे आपणच आधी सांगितलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. आठवड्यानं आईचं पहिलं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "तुझे बाबा पोचले. तू पोचला का?"

हे मी हिंगणघाटात राहिलेल्या माझ्या दोस्तांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखंच कुठली ना कुठली पेटी घेऊन निघालेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं, गेला तो मजेत आहे. गेलेल्याला वाटतं, मागे सगळं जागच्या जागी आहे. दोघंही चुकतात, पण ते कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली आणि एक टेबल लागलं.

भोसरीच्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि सामान म्हणजे माझी पेटी. तिच्यावर आम्ही जेवलो, इस्त्री केली, पत्ते खेळलो, आणि एकदा घरमालक भाडं मागायला आला तेव्हा त्याला बसायला तीच दिली. कापलेल्या रिबिटाची अणी वर राहिली होती, त्यामुळे तो लवकर उठला. पहिली सहा वर्षं मी हातात कानस घेऊन डाय, म्हणजे लोखंडी साचे, घासले. मग कंपनीनं मला डिझाइनला घेतलं, समोर कॉम्प्युटर आला, बुडाखाली चाकांची खुर्ची आली. हात गोरे झाले. 'मले'चं 'मला' झालं, ते परत फक्त एसटीडी बूथच्या काचेमागे 'मले' व्हायचं. वर्ध्याच्याच सुनंदाशी लग्न झालं, चिंचवडजवळ एक रो हाउस घेतलं. त्याच्या मागं दहा बाय बाराची एक खोली होती. ती काय करायची हे ठरत नव्हतं, म्हणून तिच्यात पेटी ठेवली होती.

दोन हजार सहा साली बाबांचा फोन आला. "घरमालक जागा विकून राह्यला. सपरीसकट." सपरी म्हणजे घरामागची टिनाची शेड, बाबांचं वर्कशॉप. जिनिंग केव्हाच बंद पडलं होतं, पण सपरी चालू होती. मधोमध जमिनीत गाडलेला, लोखंड ठेवून ठोकायचा बाभळीचा ओंडका. भिंतीला पट्ट्यांच्या फळ्या आणि त्यावर वनस्पती तुपाचे, बिस्किटांचे, हळदीचे मिळून पन्नासेक डबे. डब्यांवर काही लिहिलेलं नसे. आणि आत नट-बोल्ट आकारानं लावलेले नसत, तर ते कुठून आले त्यावरून लावलेले असत. एका डब्यात जुन्या पंपाचे बोल्ट, एका डब्यात पोस्टमनच्या सायकलचे, आणि सर्वात मोठा डबा 'अल्लीपूर'. त्यात माझ्या मामाच्या मळणीयंत्रातून निघालेलं सगळं. कुणी बोल्ट मागायला आलं की बाबा साइज विचारत नसत. "कायले पायजे?" एवढंच विचारत आणि बरोबर डबा काढत.

आता दोघं जाणार कुठं, हा प्रश्न होता. मामा अल्लीपूरला गोठ्याशेजारची खोली द्यायला तयार होता आणि बाबांचं मन तिकडे होतं. "तिथं जमीन आहे. ओंडका गाडता येते." पण आईला साखरेचा आजार, वरचेवर डॉक्टर लागायचा, आणि अल्लीपूरहून त्यासाठी हिंगणघाट गाठावं लागणार. मी म्हटलं, पुण्याला या. बाबा म्हणाले, "येऊन करू काय? टीव्ही पाहू?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी इथं वर्कशॉप करतो." मग म्हणाले, "कर. आठ दिवस येऊन पाह्यतो." परतीचं तिकीट त्यांनी निघतानाच काढलं, नवव्या दिवसाचं.

तेव्हा मला एवढंच कळत होतं की आई-बाबा माझ्याजवळ राहणार की गोठ्याजवळ, हे त्या दहा बाय बारावर ठरणार आहे. मी कामाला लागलो, म्हणजे आधी ड्रॉइंग काढलं. डिझाइनच्या माणसाला ड्रॉइंगशिवाय चहासुद्धा गाळता येत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'काढणार', 'तपासणार', 'मंजूर करणार' असे चौकोन असतात. पहिले दोन मीच भरले, तिसरा सुनंदासमोर धरला. तिनं सही केली आणि म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर पाच वर्षं झाली अडकतो. त्याचं पण ड्रॉइंग काढा."

महिनाभर सुट्टीच्या दिवशी मी त्या खोलीत होतो. सहा फुटांचं टेबल केलं, जाड अँगलचे पाय, वर पोलादी पत्रा, कडेला लोखंड आवळून धरायचा व्हाइस. उंची बरोबर छत्तीस इंच, कारण उभ्यानं काम करणाऱ्याच्या कोपराला तीच बरी असं आमच्या कंपनीत मानतात. चाळीस ड्रॉवरचं कपाट केलं, प्रत्येकावर चिठ्ठी, सहा एमएम, आठ एमएम, दहा एमएम. शेवटचा ड्रॉवर 'इतर'. भिंतीवर एक बोर्ड लावला आणि प्रत्येक हत्याराच्या मागं त्याची पिवळी आकृती रंगवली, म्हणजे हातोडी कुठं टांगायची हे हातोडीलाही कळावं. टेबलाच्या पायांना करड्या रंगाचे तीन हात दिले. सासऱ्यांना मामाजी म्हणणारी सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "मामाजी इथं कामाला येणार आहेत की मुलाखतीला?"

ते आले. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि 'अल्लीपूर'चा डबा. खोलीत गेले, मागं हात बांधून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "चांगलं आहे. कंपनीसारखं आहे." मी दिवसभर खुशीत होतो. ही तारीफ नव्हती, हे मला नंतर कळलं. त्या सगळ्या खोलीत त्यांना ओळखीची वस्तू एकच दिसली. ते पेटीजवळ गेले, झाकणावरच्या रिबिटाच्या अणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे आपलंच चुकलं होतं." तेरा वर्षांनी रेल्वे निर्दोष सुटली.

आई दोन दिवसांत पुणेकर झाली. शेजारच्या तीन घरांत तिची ऊठबस सुरू झाली, मंडईत भाजीवालीशी भांडणही झालं. बाबांचं मात्र काही बसेना. पहिल्या दिवशी त्यांनी हातोडीच्या पिवळ्या आकृतीवर आपली टोपी टांगली. दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभं राहून विळीला धार लावायला घेतली, दहा मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या मोटारी पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो तर बाबा टेबलावर आडवे होऊन घोरत होते. उठले तेव्हा म्हणाले, "मजबूत बनवला बापू. पाठीले लय बरं वाटते." चौथ्या दिवशी त्यावर जुनं लुगडं अंथरून आईनं मुगवड्या घातल्या. महिनाभर खपून मी जो वर्कबेंच केला तो दुपारी पलंग होता आणि सकाळी गच्ची.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सहाव्या दिवशी मी आईला विचारलं, "बाबांना काय आवडलं नाही? काय कमी आहे?" आई वड्या उलटत होती. म्हणाली, "कमी काही नाई रे. पण त्यायनं जन्मात कधी उभ्यानं काम केलं का? तुले आठवत नाई?"

मला सपरीतली प्रत्येक वस्तू आठवत होती. कोणत्या कानशीची मूठ तुटकी होती, हॅक्सॉची फ्रेम कुठं वाकली होती, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण बाबा जमिनीवर बसून काम करत, हे मी विसरलो होतो. पायांच्या तळव्यांत लोखंड धरायचं, गुडघे बाजूला, पाठ वाकलेली, आणि समोर मी, दुसरं टोक धरून. शाळेतून आल्यावर माझं रोजचं काम तेच. दहा-बारा वर्षं मी त्या माणसासमोर खाली बसलो होतो आणि त्याच्यासाठी वर्कशॉप करताना त्याला छत्तीस इंचांवर उभं केलं होतं. माझी मला फार लाज वाटली. टेबलाचे पाय कापायला हवेत हे त्याच क्षणी कळलं. पण तीन हात रंग दिला होता, आणि लाज वाटली तरी माणूस आपला रंग लगेच खरवडत नाही. म्हटलं, रविवारी बघू. मग आठवलं, रविवारच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची गाडी आहे.

तो रविवार मी जेवून सोफ्यावर झोपण्यात घालवला. उठलो तेव्हा बाबा आणि सुनंदा स्वयंपाकघरात काहीतरी हळू आवाजात बोलत होते आणि मी गेल्यावर गप्प झाले. सोमवारची गाडी संध्याकाळची होती. मी अर्धी रजा टाकून दुपारी घरी आलो. खोलीतून तो आवाज येत होता, कर्रकर्र, जो मी वर्ध्यापासून पुलगावपर्यंत ऐकला होता.

टेबल जमिनीलगत आलं होतं. जेवायच्या चौरंगापेक्षा थोडंसं उंच. बाबा समोर उकिडवे बसले होते, आणि गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच ते मला घरी बसल्यासारखे दिसले. पाय त्यांनी हॅक्सॉनं कापले होते. माझं विजेचं कटर भिंतीवर आपल्या पिवळ्या आकृतीत नीट टांगलेलं होतं. "दीड वीत ठेवली," म्हणाले. मी पातळी तपासायची लेव्हल काढली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. चारी कोपऱ्यांना ठेवून पाहिली. मी सुनंदाकडे वळलो, तर ती म्हणाली, "मला विचारलं होतं मामाजींनी. मंजूर करणारी मीच आहे ना?"

"अन हे तुले," असं म्हणून बाबांनी मागून एक स्टूल पुढं ओढलं. कापलेल्या चार पायांचं. करडा रंग तसाच, माझेच तीन हात. आडव्या पट्ट्या रिबिटं मारून बसवलेल्या, आणि ती रिबिटं 'अल्लीपूर'च्या डब्यातली. बसायच्या फळीच्या कडेला, उचलायला म्हणून, एक जाड कडी होती. ती मी लगेच ओळखली. तिला काही साइज नव्हता, म्हणून मी ती 'इतर'मध्ये टाकली होती.

"कामी येते म्हटलं होतं ना," बाबा म्हणाले.

मी विचारलं, "पण मला स्टूल कशाला? तुम्ही खाली बसणार तर मीही खाली बसेन."

"तुले आता बसता येत नाई," ते म्हणाले. "पाह्यलं मी. चप्पल घालतानी भित धरतं तू. काल झोपला होता तवा मोजला तुहा गुडघा. दोन वीत."

मी बसून पाहिलं. गुडघे बरोबर काटकोनात आले. कडीसकट मोजलेलं होतं या वेळी. आठ दिवस मी त्यांना माझ्या टेबलावर तपासत होतो आणि तेवढ्याच वेळात त्यांनी मला मापून घेतलं होतं. मी बाबांसारखाच दोनदा घसा साफ केला. मग विचारलं, "तिकिटाचं काय करायचं? रद्द करू?"

"काऊन? जातो ना आज," बाबा म्हणाले. माझं तोंड पडलेलं पाहून ते पुढं म्हणाले, "तुही आई राह्यते इथंच. मी ओंडका घेऊन येतो. घणाचा मार ह्या टेबलाच्यानं होत नाई."

पंधरा दिवसांनी ते एका ट्रान्स्पोर्टच्या ट्रकमधून ओंडका, पन्नास डबे आणि पट्ट्यांचा एक भारा घेऊन आले. ओंडक्याच्या बुडाला काळी माती तशीच चिकटलेली होती आणि ती धुवायची नाही असं त्यांनी ट्रकवाल्यालाही बजावलं होतं. खोलीतल्या चार नव्या फरश्या मी माझ्या हातानं फोडल्या. पुण्यात येऊन तेरा वर्षं झाली होती, घर नावावर होतं, पण इथल्या जमिनीत आमचं काही रोवलं गेलं ते त्या दिवशी. चाळीस ड्रॉवरवरच्या चिठ्ठ्या महिन्याभरात गेल्या. आठ एमएमच्या ड्रॉवरमध्ये आता शेजारच्या जोशी काकूंच्या मिक्सरचे स्क्रू आहेत. मुगवड्या अजून टेबलावरच वाळतात, फक्त आता मांजराचीही सोय झाली आहे. स्वयंपाकघरातला ड्रॉवर बाबांनी पाच मिनिटांत सरळ केला. त्याचं ड्रॉइंग कुणी काढलं नाही.

हिंगणघाटात आमचं आता काही नाही. सपरीच्या जागी दुकानं झाली, असं दोस्त फोनवर सांगतात आणि विचारतात, कधी येतं घरी? मी म्हणतो, येतो. पण कामावरून आल्यावर बूट काढतो, मागच्या खोलीत जातो आणि स्टुलावर बसतो. लहानपणी समोर बसायचो तेव्हा मला बाबांचं तोंड दिसायचं. आता वरून त्यांची टाळू दिसते. केस पार विरळ झालेत, आणि हे मला या स्टुलावरूनच पहिल्यांदा दिसलं. बाबा वर पाहत नाहीत. पट्टीचं एक टोक पावलांत धरतात, दुसरं माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "धर." मी धरतो. तेवढा वेळ मी घरी असतो.